पत्रिकेवर सगळे सर

मीनलने ती पत्रिका सकाळीच शाळेच्या ग्रुपवर टाकली होती, त्यामुळे संध्याकाळी चहाच्या गाडीवर काय पेटणार हे ठरलेलंच होतं. बालरोगतज्ज्ञांची परिषद, वक्ते झाडून सगळे सर. बायकांकडे ईशस्तवन, सूत्रसंचालन आणि आभार.

"मग बिघडलं काय? आवाज गोड असतो," सुहास म्हणाला. सुहास फ्लॅट विकतो आणि तोंड उघडण्याआधी 'मी प्रॅक्टिकल माणूस आहे' असं जाहीर करतो. म्हणजे पुढे काय येणार याची सूचनाच.

"माझ्या बॅचला पेड्सला, म्हणजे बालरोगाला, अर्ध्याहून जास्त मुली होत्या," मीनल म्हणाली. "ओपीडीत आम्ही, रात्री नवजात बाळांच्या आयसीयूत आम्ही. माइक द्यायची वेळ आली की आमचा घसा फक्त सरस्वतीवंदनेपुरता."

"अगं, पण लहान मुलांचं म्हणजे बायकांना उपजतच…"

"उपजत असतं तर तीन वर्षं एमडी कशाला केली असती? सातशे ग्रॅमच्या बाळाची शीर सापडत नसते तेव्हा माया नाही, हात लागतो."

परागचा मुलगा न्यू जर्सीत, त्यामुळे त्याची गाडी तिकडूनच सुटते. पण आज कामाचं बोलला. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची अकादमी १९३० ची, पहिली बाई अध्यक्ष व्हायला १९९० उजाडलं. आता तिथे या शाखेत बायकाच जास्त आहेत, तरी २०१९ मध्ये छापून आलेल्या पाहणीत त्यांची वर्षाची कमाई पुरुषांपेक्षा ५१ हजार डॉलरनी कमी.

"तास कमी भरत असतील."

"तास, हुद्दा, घरची जबाबदारी, सगळं हिशेबात धरूनही ८ हजार उरलेच," पराग म्हणाला.

"ते मिशीचे," मीनल म्हणाली. "आणि अमेरिका कशाला? आपली अकादमी १९६३ ची. २०२० ते २०२५ चे अध्यक्ष बघ, एक बाई दाखव."

सुहासने बाळंतपणाच्या रजेचा मुद्दा काढला. २०१७ पासून सव्वीस आठवडे पगारी मिळते, अजून काय हवं?

"ती नोकरीवाल्यांना. मी दुसऱ्यांच्या हॉस्पिटलात कन्सल्टंट. पेशंट पाहिला तर पैसे. धाकटीच्या वेळी घरी बसले, परत गेले तर माझी ओपीडीची वेळ एका सरांना देऊन टाकलेली. वर मलाच विचारतात, मॅडम, दुपारचं जमेल का?"

सुहास प्रॅक्टिकल असल्याने थांबला नाही. २०२४ मध्ये कोलकात्याच्या हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून खून झाला, त्यानंतर बायकांनी रात्रपाळी तरी टाळावी, असं त्याचं म्हणणं.

"बंगाल सरकारही तेच म्हणत होतं. सुप्रीम कोर्टाने झापलं. सुरक्षा द्या म्हणाले, बायकांना घरी काय बसवता? आणि तू असं कर, बाळांना सांग, रात्री जन्मू नका."

विन्याचा चहा नाकात गेला.

एक मात्र सुहास बरोबर बोलला. लोकांनाच 'मोठे डॉक्टर' हवे असतात, त्याला परिषद काय करणार? यावर मीनलही क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "पंधरा मिनिटं तपासते, डोस लिहून देते, ताप कसा मोजायचा ते शिकवते. आणि आजी विचारते, सिस्टर, डॉक्टर कधी येणार? पण त्या आजीला दुसरं कधी दिसलंय का? बॅनरवरही सरच असतात."

"तू मनाला फार लावून घेतेस. शाळेपासून तेच."

चूक केली त्याने. नववीच्या मॉनिटरचं प्रकरण बाहेर आलं. मतं मीनलला जास्त, पण मुलगी वर्ग कसा आवरणार म्हणून बाईंनी सुहासला केलं. त्याने वर्ग आवरला नाहीच, बडबड करणाऱ्यांची नावं तेवढी फळ्यावर लिहायचा.

"आणि पहिलं नाव कायम मीनलचं!" विन्या ओरडला. "बघ गं, तुला बोर्डवर पहिला नंबर देणारा हा एकच पुरुष. तुमच्या हॉस्पिटलच्या पाटीवर अजून नवऱ्याचंच नाव वर आहे ना?"

"त्याचं वर, माझं खाली, आणि माझ्यावर मधुमालतीचा वेल," मीनल म्हणाली.

"वेल मी छाटून देतो," सुहास म्हणाला. पुढे काही बोलला, पण हसण्यात कुणालाच ऐकू आलं नाही. आज पैसे त्याच्याकडून घ्यायचे, एवढ्यावर मात्र एकमत झालं.