समन्स धुडकावणं म्हणजे विशेषाधिकार नव्हे

डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरच्या 2019 च्या पहिल्या महाभियोगात एक आरोप प्रतिनिधी सभागृहाची समन्स धुडकावल्याचा होता. त्याचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि तो करणाऱ्यांत कायदा शिकलेली माणसंही असतात. तो असा: 'राष्ट्राध्यक्षांनी त्यांचा कार्यकारी विशेषाधिकार, म्हणजे काही कागद आणि सल्ले गोपनीय ठेवायचा हक्क, वापरला. वॉशिंग्टनपासून सगळेच तो वापरत आले. समन्सच बेकायदा होती. वाद असेल तर कोर्टात जायचं. डेमोक्रॅट गेले नाहीत आणि हक्क वापरल्याबद्दलच महाभियोग लावून बसले.' ऐकायला पटतं. म्हणूनच एकेक वाक्य सुटं करून बघायला हवं.

'विशेषाधिकार वापरला.' नाही वापरला. युक्रेनची लष्करी मदत अडवून ज्यो बायडन यांच्या चौकशीसाठी दबाव आणल्याचा आरोप, हे ते युक्रेन प्रकरण. त्याच्या चौकशीत ट्रम्प यांनी एकाही कागदावर रीतसर विशेषाधिकार सांगितला नाही. 8 ऑक्टोबर 2019 रोजी व्हाइट हाउसचे कायदेशीर सल्लागार पॅट सिपोलोनी यांनी प्रतिनिधी सभागृहाला आठ पानी पत्र पाठवलं. त्याचा मथितार्थ एवढाच की ही चौकशीच आम्हाला मान्य नाही, आम्ही तिच्यात सहभागी होणार नाही. विशेषाधिकार सांगायचा तर आधी कागद काढावे लागतात, त्यातला कुठला झाकायचा आणि का ते सांगावं लागतं, उरलेले द्यावे लागतात. इथे परराष्ट्र खातं, संरक्षण खातं, व्हाइट हाउसचं अर्थसंकल्प कार्यालय, कुणीही समन्सला उत्तर म्हणून एक कागद दिला नाही. आणि हे लक्षात ठेवा: त्याच नोव्हेंबरात परराष्ट्र खात्याने याच प्रकरणातले काही कागद एका खासगी संस्थेला दिले, कारण ती माहिती अधिकाराच्या कायद्याखाली कोर्टात गेली होती. नागरिकाला मिळू शकणारा कागद महाभियोगाची चौकशी करणाऱ्या समितीपासून लपवला, तर त्याला गोपनीयता कसं म्हणायचं?

'वॉशिंग्टनपासून सगळेच.' हे तर उलट्या बाजूचं उदाहरण आहे. 1796 मध्ये सभागृहाने ब्रिटनशी झालेल्या 'जे ट्रीटी' या कराराच्या वाटाघाटींचे कागद मागितले आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ते नाकारले, हे खरं. पण नाकारताना त्यांनी लिहिलं की हे कागद सभागृहाच्या अखत्यारीतल्या कुठल्याही कामासाठी लागू शकत नाहीत, अपवाद फक्त महाभियोगाचा, आणि तसा हेतू ठरावात सांगितलेला नाही. म्हणजे पहिल्याच राष्ट्राध्यक्षांनी नकार देतानाच दार कुठे उघडं आहे ते दाखवून ठेवलं. अर्धशतकाने, 1846 मध्ये, राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक यांनीही गुप्त खर्चाचा तपशील नाकारताना मान्य केलं की महाभियोगाच्या चौकशीत सभागृहाचा अधिकार सरकारी खात्यांच्या अगदी आतल्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेल.

'समन्सच बेकायदा होती, कारण आधी पूर्ण सभागृहाचं मतदान नव्हतं.' तशी अट राज्यघटनेत नाही. समित्यांना समन्स काढायचा अधिकार सभागृहाच्या नियमांनीच दिलेला होता. 25 ऑक्टोबर 2019 रोजी न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनीही असं मतदान आवश्यक नसल्याचं म्हटलं. बरं, 31 ऑक्टोबरला मतदान झालं, 232 विरुद्ध 196. त्यानंतर कागद आले का? नाही आले. मतदानाआधीची समन्स नव्याने बजावली गेली नाहीत, हा बचाव पक्षाचा मुद्दा तांत्रिक असला तरी पोकळ नव्हता, आणि सभागृहाने तो हकनाक हातात दिला असं माझं मत आहे.

'निक्सनच्या वेळी कोर्टाने निकाल दिला, तसं इथेही व्हायला हवं होतं.' वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ध्वनिफिती द्याव्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा 24 जुलै 1974 चा तो 8 विरुद्ध 0 निकाल सगळ्यांना आठवतो. पण त्यातलं समन्स काँग्रेसचं नव्हतंच. ते फौजदारी खटल्यासाठी विशेष अभियोक्ता लिऑन जवॉर्स्की यांनी मिळवलेलं होतं. महाभियोगाचं काम करणारी न्यायविषयक समिती आपल्या समन्सांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढलीच नाही. 30 जुलैला तिने, समन्स मानली नाहीत एवढ्याच कारणावरून, तिसरा आरोप 21 विरुद्ध 17 मतांनी मंजूर केला. मतं पहिल्या दोन आरोपांपेक्षा कमी पडली, हेही खरं.

आता तो अर्धा खरा मुद्दा: 'कोर्टात जायला हवं होतं.' सभागृहाने घाई केली, हे मी मान्य करतो. माजी राष्ट्रीय सुरक्षा उपसल्लागार चार्ल्स कपरमन समन्स पाळायचं की नाही हे विचारायला स्वतः कोर्टात गेले, तर सभागृहाने समन्सच मागे घेतलं. ते मला आजही खटकतं.

पण कोर्टाचा रस्ता कसा होता, ते डॉन मॅगान यांच्या प्रकरणात दिसतं. व्हाइट हाउसच्या या माजी सल्लागारांवर म्युलर चौकशीसंदर्भात (2016 च्या निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाची चौकशी) एप्रिल 2019 मध्ये समन्स निघालं. 25 नोव्हेंबरला न्यायाधीश केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी निकाल दिला की जवळच्या सहकाऱ्यांना साक्षीपासून सरसकट मुभा नाही, राष्ट्राध्यक्ष म्हणजे राजे नव्हेत. सरकार अपिलात गेलं. तिथे निकाल फिरला, मोठ्या पीठाने पुन्हा फिरवला, पुन्हा अडकला. मॅगान यांनी अखेर 4 जून 2021 रोजी बंद दाराआड साक्ष दिली, तीही तडजोडीने. तोवर ट्रम्प पदावरून जाऊन साडेचार महिने झाले होते.

आणि त्या खटल्यात सरकारी वकिलांचं म्हणणं काय होतं? की अशा भांडणात पडायचा कोर्टाला अधिकारच नाही. सिनेटमध्ये महाभियोगाची सुनावणी चालू असताना ट्रम्प यांचे वकील विचारत होते, 'कोर्टात का गेला नाहीत?' त्याच आठवड्यात, 30 जानेवारी 2020 रोजी, दुसऱ्या एका समन्सच्या खटल्यात न्यायाधीशांनी विचारलं की मग सभागृहाच्या हाती उपाय कोणता, तेव्हा न्याय खात्याचे वकील म्हणाले, महाभियोग.

दुसऱ्या दिवशी सिनेटने साक्षीदार बोलवायचा प्रस्ताव 51 विरुद्ध 49 मतांनी फेटाळला. समन्स आलं तर साक्ष देईन, असं ट्रम्प यांचे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांनी 6 जानेवारीलाच जाहीर केलं होतं.