सव्वीस जानेवारी, साठ माणसं आणि एक ओगराळं

सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडावंदन असतं, मग मिसळ असते. झेंडावंदन दहा मिनिटांत आटोपतं. त्यातली सहा झेंड्याची गाठ सुटण्यात जातात, कारण आत भरलेल्या पाकळ्या आधीच सांडू नयेत म्हणून वॉचमनने ती पोत्याच्या तोंडासारखी आवळलेली असते. मिसळ अर्ध्या तासात संपते. मिसळीवरची चर्चा मात्र संक्रांतीचे तिळगूळ तोंडात असतानाच सुरू होते.

राज्यघटना तयार करायला घटना समितीला २ वर्षं ११ महिने १८ दिवस लागले, हे शाळेत पाठ केलं होतं. एवढा वेळ कशाला लागला, असं तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही. आणि त्यांच्यापुढे पाव की ब्रेड हा प्रश्न तर नव्हताच.

पुण्यातल्या कुठल्याही चोवीस फ्लॅटच्या इमारतीत किमान पाच गावांच्या मिसळी राहतात. पहिल्या मजल्यावर कोल्हापूर. हे काका फडतरे, चोरगे आणि बावडा ही मिसळवाल्यांची तीन नावं देवाच्या आरतीसारखी ओळीने घेतात आणि पुण्याच्या मिसळीबद्दल एवढंच म्हणतात, ‘‘तसलं आमच्यात बाळंतिणीला देत्यात.’’ त्यांच्या समोरच पेठेतून आलेले आजोबा. त्यांची निष्ठा नारायण पेठेतल्या बेडेकरांकडे आणि युक्तिवाद एका वाक्याचा : ‘‘मिसळ तिखट करायला अक्कल लागत नाही, मिरची लागते.’’ दुसऱ्या मजल्यावर ठाणं. तहसीलदार कचेरीशेजारच्या मामलेदारची मिसळ खाऊन डोळ्यांतून पाणी आलं नाही तो माणूसच नव्हे, असं तिथलं मत. त्याच्या शेजारी दादर. ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातला सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं गेलं, हे ते दरवर्षी सांगतात. ‘‘लंडनच्या लोकांनी ठरवायचं?’’ हे आजोबा दरवर्षी विचारतात. तिसऱ्या मजल्यावरच्या नाशिकच्या वहिनींना मिसळीबरोबर पापड, दही आणि नंतर जिलबी नसेल तर पाहुणे उपाशी गेल्यासारखं वाटतं. नागपूरचं कुटुंब या वादात पडत नाही. त्यांना पोह्यांवर हरभऱ्याची तर्री हवी असते, आणि बाकी सगळे नाश्त्याच्या नावाखाली काय करतात याचं त्यांना शांत नवल वाटतं.

मी या विषयात तटस्थ आहे, कारण वाढायचं ओगराळं माझ्याकडे असतं. ओगराळं हातात असलेल्या माणसाला मत नसावं. कोल्हापूरवाला ‘कट घाला’ म्हणतो, पेठेतला ‘सँपल’ मागतो, नागपूरवाला ‘तर्री’, ठाणेकर ‘रस्सा’; आणि सगळ्यांची बोटं एकाच पातेल्याकडे असतात.

तर साठ माणसांची मिसळ. माणशी पन्नास ग्रॅम धरून तीन किलो कोरडी मटकी. ती भिजून, मोड येऊन सात-साडेसात किलो भरते. हा हिशेब सोपा आहे. अवघड आहे तो जानेवारी. मोड यायला ऊब लागते आणि नेमक्या याच दिवसांत पुण्यात पहाटेचं तापमान दहा-बाराच्या आसपास घुटमळतं. एप्रिलमध्ये बारा तासांत नखभर मोड आणणारी मटकी जानेवारीत चोवीस तास नुसती फुगून बसते. म्हणून चोवीस तारखेला सकाळीच कोमट पाण्यात भिजत घालायची. आठ-दहा तासांनी उपसायची, दोन पाण्यांनी धुवायची आणि नीट निथळून कापडात बांधायची. कापड ओलसर हवं, ठिबकणारं नको. ठिबकणाऱ्या फडक्यात मटकी गुदमरते, बुळबुळीत होते आणि तिला असा वास येतो की लिफ्टमधून उतरणारा प्रत्येक माणूस दुसऱ्याकडे संशयाने बघतो. पुरचुंडी तांदळाच्या डब्यात, बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून किंवा झाकणाच्या कॅसरोलमध्ये ठेवावी. तीन किलो एकाच गाठोड्यात बांधू नये. मधली मटकी तापते आणि आंबते, कडेची थंड पडते. चार घरांत चार पुरचुंड्या द्याव्यात. यात एकच तोटा : पंचवीस तारखेला संध्याकाळी चार लांबीचे मोड एकत्र येतात आणि ज्यांचे आखूड त्यांना वर्षभर ऐकावं लागतं.

मटकीत गणंग निघतात. गणंग म्हणजे भिजत नाही, फुगत नाही, शिजत नाही असा दाणा. सोसायटीतही दोन-तीन असतात, पण ते दाताखाली येत नाहीत. भिजल्यावर मटकी ताटात पसरून ताट जरा तिरकं धरलं की फुगलेले दाणे एकमेकांना धरून राहतात आणि हे बारके टणक घरंगळत खाली येतात. ते तिथेच वेचावेत. ही पायरी गाळली तर त्या आठवड्यात दाढ दुखणाऱ्या प्रत्येकाचं निदान ‘सव्वीस जानेवारीची मिसळ’ असं होतं.

उसळ कुकरमध्ये लावायची नाही. मोडाची मटकी हळद-मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात आठ-दहा मिनिटांत होते. कुकरच्या दोन शिट्ट्यांत तिचं पिठलं होतं. टोमॅटो किंवा चिंच मटकी शिजायच्या आधी घालू नये, आंबटात ती अडून बसते.

आता कट. वाद इथेच पेटतो आणि खरं कसबही इथेच लागतं. माणशी पहिलं वाढप पावशेर आणि वर मागणं धरून साठ माणसांना वीस लिटर कट लागतो. साहित्य असं : तीन किलो कांदा, एक किलो सुकं खोबरं, चारशे ग्रॅम लसूण, दोनशे ग्रॅम आलं, किलोभर टोमॅटो, पाव किलो ब्याडगीचं तिखट रंगाला, पंचाहत्तर ग्रॅम लवंगी जिभेला, दोनशे ग्रॅम कांदा-लसूण मसाला आणि दीड लिटर तेल. तेलाचा आकडा ऐकून चौथ्या मजल्यावरचे पहाटे पळायला जाणारे सद्गृहस्थ अर्धा लिटर सुचवतात. अर्ध्या लिटरात आमटी होते. चांगली होते, पण आमटी.

तर्रीचा, म्हणजे कटावर तरंगणाऱ्या तेलाचा, लाल रंग मिरचीतून तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून सगळा खेळ तेल आणि तिखट भेटतात त्या अर्ध्या मिनिटाचा. कांदा आणि खोबरं खरपूस भाजून वाटलेलं वाटण तेलात इतकं परतायचं की कडेने तेल सुटलं पाहिजे. मग आच अगदी बारीक करून तिखट घालायचं, दोनदा हलवायचं आणि लगेच ओगराळंभर गरम पाणी. गरमच. पाण्याला उशीर झाला तर तिखट जळतं, कट काळपट कडू होतो आणि जिन्यात सगळे खोकतात. ‘‘आता जमलं बघा,’’ असं खोकत खोकत म्हणणारे फक्त कोल्हापूरचे काका. नंतरचं पाणीही उकळतं घालावं. वीस लिटर गार पाणी ओतलं तर मोठ्या शेगडीवरही पुन्हा उकळी यायला पाऊण तास जातो आणि तोवर ‘झालं का’ विचारायला खाली आलेल्यांची एक वेगळी सभा भरते.

एक उकळी आली की आच मंद करून वीस-पंचवीस मिनिटं पातेल्याला हात लावायचा नाही. तर्री आपली आपण वर येते. पण सोसायटीत पातेलं आणि एकांत या गोष्टी एकत्र सापडत नाहीत. येणारा प्रत्येक जण झाकण काढतो, ‘‘खाली लागेल हो,’’ म्हणतो आणि तळापासून ढवळतो. भसाभस उकळत्या कटात सतत ढवळलं, किंवा ‘जरा दाट दिसू दे’ म्हणून कुणी बेसन लावलं, की तेल रश्शात मिसळून जातं, वर येतच नाही. तांबड्या तर्रीच्या जागी मग विटकरी रंगाचं गढूळ पाणी दिसतं. मीठ आधी दीडशे ग्रॅमच घालावं. कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतं, हे तीन जणांनी आपापलं मीठ घातल्यावर आठवतं.

मुख्य वाद साधा सुटतो. कट दोन पातेल्यांत करायचा, लवंगी फक्त एकात. फिकं पातेलं ‘पुणेरी’ म्हणून मांडावं. ‘कमी तिखट’ अशी पाटी लावली तर सत्तरीतले आजोबाही अपमान झाल्यासारखे तिखटाच्या रांगेत उभे राहतात. पेठेच्या समाधानाला दोन किलो बटाट्याची पिवळी भाजी आणि दीड किलो पोहे तळाशी घालायला ठेवावेत, नाशिकसाठी तीन किलो दही. जिलबीवर मतदान घेऊ नये. ती मंजूर होते आणि कुणीच तिचे पैसे देत नाही.

पाव की ब्रेड, याला माझ्याकडे उत्तर नाही. कोल्हापूर आणि जुनं पुणं स्लाइस ब्रेडच्या बाजूने, मुंबई-नाशिक पावाच्या. ब्रेड कट जास्त पितो आणि लवकर मरतो. पाव कमी पितो, पण शेवटपर्यंत उभा असतो. दोन्ही आणावेत. माणशी तीन धरून पंधरा डझन पाव लागतात, मग ब्रेडचा वाटा तेवढा वजा करावा. बेकरीत दोन दिवस आधी सांगावं लागतं, कारण त्या सकाळी गावातल्या प्रत्येक सोसायटीला आपणच एकटे देशभक्त आहोत असं वाटत असतं. गरम लाद्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणल्या की आतल्या वाफेने घामाघूम होऊन पाव चिकट होतात. कापडात गुंडाळून आणावेत.

फरसाणाचं काय सांगावं? पूर्वी प्रत्येक घराचा एक डॉक्टर असे, तसा आता प्रत्येक घराचा एक फरसाणवाला असतो आणि दुसऱ्याच्या फरसाणवाल्यावर कुणाचाच विश्वास नसतो. चार किलो पुरतं. त्यात साखर आणि बेदाणे नकोत, एवढं पाहावं. जाड शेव आणि गाठी कटात तीन-चार मिनिटं तग धरतात, बारीक शेव अर्ध्या मिनिटात विरघळते. आणि फरसाण अगदी शेवटी. प्लेटी आधीच भरून ठेवल्या आणि तेवढ्यात अध्यक्षांना दोन शब्द बोलावेसे वाटले, तर दोन शब्दांच्या पंधराव्या मिनिटाला साठ प्लेटींत लगदा तयार असतो.

हे सगळं चालू असताना मागे कराओके असतो. निवृत्त झालेल्या माणसाकडे हल्ली पेन्शनच्या आधी माइक येतो. देशभक्तीची गाणी गायला मनाई कशी करणार? पण काही गोष्टी यंत्राच्या असतात. स्पीकर ब्लूटूथवर जोडला की आवाज क्षणभर उशिरा निघतो. गाणारा सुरात असला तरी तालाच्या मागे, जणू झेंड्याला सलामी देऊन सगळे खाली बसल्यावर एकटाच उभा आहे. एक साधी वायर लावली की हा दोष जातो. लताबाईंच्या पट्टीतला ट्रॅक पुरुषाने घेतला तर तो चार-पाच स्वर खाली उतरवता येतो, तशी सोय ॲपमध्ये असते. ती न वापरता अंतऱ्याला मान वर करून जो प्रयत्न होतो, त्याने तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा साथ देतो. माइक स्पीकरसमोर नेला की शिट्टी वाजते. मग गाणारा घाबरून माइकची जाळी मुठीत धरतो आणि शिट्टी वाढते. जाळी सोडावी आणि स्पीकरच्या मागे उभं राहावं. इको जरा जास्त फिरला तर ‘देश’ या शब्दाचे पाच देश होतात. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे, हे मी एकदाच सांगावं म्हणतो. पण अंतरा कधी संपला ते कळत नाही.

आणि वाढप. तर्री वर तरंगते, हीच तिची अडचण. वाढणारा वरवरून वाढत गेला तर पहिल्या वीस जणांना नुसतं लाल तेल आणि उरलेल्या चाळिसांना हळदीचं पाणी. तळापासून ढवळून वाढलं तर सगळ्यांनाच गढूळ. उपाय असा की आच बंद केल्यावर दहा मिनिटांनी वरची तर्री पळीने अलगद काढून वेगळ्या पातेल्यात ठेवायची, खालचा कट ओगराळ्याने वाढायचा आणि प्रत्येक प्लेटीवर शेवटी एक-एक डाव तर्री फिरवायची. वीस लिंबं, सकाळी चिरलेला अडीच किलो कांदा, चार जुड्या कोथिंबीर. कांदा आदल्या रात्री चिरला तर वास मारतो आणि कुणी चिरला याची चौकशी होते.

दहा वाजेपर्यंत मिसळ संपते, पण कट उरतो. नेहमी उरतो, कारण शेवटचे पाच लिटर संपवण्याची हिंमत पाव करत नाही. तो डब्यांतून घरोघर जातो आणि संध्याकाळी वडे तळल्याचा वास जिन्यात येतो. सकाळी जे ‘जरा तिखटच झालं’ म्हणत होते, तेच ‘थोडा उरलाय का?’ विचारत दार वाजवतात.

पंधरा ऑगस्टला ऊब आयती असते, मटकीला रात्रभरात मोड येतात. पण तो बहुतेक वेळा श्रावणात येतो आणि निम्म्या सोसायटीत कांदा-लसूण बंद असतं. मग नाशिकच्या वहिनी साबुदाणा खिचडीवर दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी आणि बटाट्याचा चिवडा घालून उपासाची मिसळ करू म्हणतात. कोल्हापूरचे काका त्या दिवशी गावाला जातात.