मोठी चकती दिसली की ती लेझरडिस्कच, असं नसतं

जुन्या व्हिडिओ डिस्कबद्दल एक मजकूर बराच फिरतोय: ‘लेझरडिस्क, सीईडी, व्हीएचडी ही एकाच वस्तूची तीन नावं. थोरली डीव्हीडीच ती. सगळं डिजिटल, काही घासत नाही, खराब होत नाही. केसमधून काढा, पुसा, कुठल्याही प्लेअरला लावा.’ प्रत्यक्षात या तीन वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्क आहेत. शेवटच्या सल्ल्यापायी चांगल्या डिस्क वाया जातात, म्हणून सुरुवात तिथूनच.

सीईडी हाताने बाहेर काढायचीच नसते. आरसीए या कंपनीने १९८१ साली अमेरिकेत आणलेली ही डिस्क कार्बन मिसळलेल्या पीव्हीसीची, वर वंगणाचा अगदी पातळ थर. केस प्लेअरच्या फटीत पूर्ण आत सारायची आणि रिकामी बाहेर ओढायची. डिस्क आतच राहते. बाजू संपली, म्हणजे फार तर ६० मिनिटांनी, रिकामी केस पुन्हा आत घालून डिस्क परत घ्यायची आणि केस उलटी करून लावायची. डिस्कवर धूळ किंवा बोटाचा डाग राहिला तर सुई खाच सोडते आणि चित्र उड्या मारतं.

‘घासत नाही’ हे फक्त लेझरडिस्कबद्दल खरं, कारण ती लेझरच्या किरणाने वाचली जाते. सीईडीत हिऱ्याची सुई खाचेतून चालते, पण ग्रामोफोनसारखी थरथरत नाही. सुईवरचा धातूचा थर आणि डिस्क यांच्यातला कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलत जातो, त्यातून चित्र तयार होतं. जेव्हीसी कंपनीच्या व्हीएचडीलाही सुई टेकते. तिथे खाच मात्र नाही, वाट दाखवणारे सिग्नल डिस्कवरच कोरलेले असतात.

एका प्लेअरमध्ये तिन्ही चालणं शक्यच नाही. उघडी, आरशासारखी, ३० सेंमीची ती लेझरडिस्क. केसमधली ३० सेंमीची सीईडी, केसमधलीच पण २६ सेंमीची व्हीएचडी. एनटीएससी या अमेरिका-जपानमधल्या टीव्ही पद्धतीत वेगही वेगळे: सीईडी मिनिटाला ४५० फेरे, व्हीएचडी ९००, सीएव्ही (कायम एकाच वेगाने फिरणारी) लेझरडिस्क १८००. सीएव्हीत एका फेऱ्यात एकच फ्रेम (व्हिडिओतलं एक चित्र), म्हणून पॉज केल्यावर चित्र स्थिर राहतं. सीईडीत एका फेऱ्यात चार फ्रेम असल्याने हे जमत नाही.

आणि डिजिटल? लेझरडिस्कचं चित्र अ‍ॅनालॉग. डिजिटल आवाज नंतर जोडला गेला. कॉपी करायची तर प्लेअरचं व्हिडिओ आउटपुट कॅप्चर कार्डला, म्हणजे व्हिडिओ संगणकात घेणाऱ्या उपकरणाला, जोडावं लागतं.

लेझरडिस्क खराबही होते. डिंकाचा जोड बिघडला की आतल्या अ‍ॅल्युमिनियमला गंज चढतो आणि चित्रावर रंगीत ठिपके पडतात. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसूनही, दुसऱ्या प्लेअरवरही ते तसेच दिसले, तर ती डिस्क पुसून सुधारणार नाही.