दहा मिनिटांच्या मननाबद्दल: प्रतिक्रियेला उत्तर

ऑफिसात वरिष्ठ पदावरच्या ख्रिस्ती माणसाने रोज दहा मिनिटं मनन करावं, म्हणजे देवासमोर आपल्या वागण्याचा आढावा घ्यावा, असं मी सुचवलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. पगारी वेळेत डोळे मिटून बसणं हा कामचुकारपणा. ख्रिस्ती पुढाऱ्याने स्वतःकडे बघत बसण्यापेक्षा हाताखालच्या माणसांकडे बघावं. आणि पाळीत काम करणाऱ्याला दहा मिनिटं मिळणार कुठून? पहिला मला पटत नाही. दोन मीटिंगांच्या मधे तेवढा वेळ असाही वाया जातो. दुसरा अर्धा खरा आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

बायबलमधल्या स्तोत्र 139 च्या शेवटी भक्त स्वतःची झडती स्वतः घेत नाही, देवाला घ्यायला सांगतो. फरक साधा नाही. स्वतःची चौकशी स्वतःच करणारा साहेब बहुतेक वेळा निर्दोष सुटतो.

मननाची पद्धत येशू संघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची आहे: उपकारस्मरण, दोष दिसावेत म्हणून कृपेची याचना, तासातासाचा आढावा, क्षमायाचना, सुधारणेचा निश्चय. ऑफिसात हे दुपारच्या जेवणाआधी करावं. संध्याकाळपर्यंत मनाने दिवसाची सारवासारव केलेली असते. फोन लांब, समोर फक्त सकाळच्या कामांची यादी. सगळं उपसत बसायचं नाही. जिथे आवाज चढला किंवा जबडा आवळला, तिथेच थांबायचं.

समजा, 11:20 च्या मीटिंगमध्ये कनिष्ठ सहकारी आकडे सांगत होती आणि प्रमुखाने तिचं वाक्य दोनदा तोडलं. वहीत 'मी उतावळा आहे' असं लिहून काही हाती लागत नाही. 'दोनदा वाक्य तोडलं. हे आकडे मला माहीत नाहीत हे वरिष्ठांना कळेल, अशी भीती होती' हे लिहिलं की पुढचं आपोआप सुचतं: आजच तिची माफी, आणि पुढच्या वेळी तिचं बोलणं पुरं होईपर्यंत गप्प. माफीत 'तुला वाईट वाटलं असेल तर' नको. त्या 'तर'ने सगळं मुसळ केरात.

म्हणजे मनन शेवटी माणसापाशीच पोचायला हवं. पोचत नसेल, तर तुमचा आक्षेप शंभर टक्के बरोबर.

बिघडतं ते दोन बाजूंनी. वहीतल्या वाक्यांचे कर्ते तपासा. 'त्याने', 'तिने' वाढले, की बायबलमधल्या मत्तय 7:3 प्रमाणे स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ विसरून दुसऱ्याच्या डोळ्यातली कुसळं मोजणं सुरू झालं. दुसरी बाजू उलटी, आणि प्रामाणिक माणसांना तीच जास्त छळते: तीच चूक पुन्हा पुन्हा उगाळणं. खुद्द इग्नेशियस 1522-23 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे अशा शंकाकुशंकांनी बेजार झाले होते. म्हणून दिवसाला एकच प्रसंग, आणि माफी मागून झाली की तो बंद. तरीही मन सोडत नसेल, तर वही मिटून धर्मगुरूंशी किंवा जाणत्या माणसाशी बोलावं.

आणि हो, हाताखालच्यांना हे करायला लावू नका. दार लावून प्रार्थना करा, हे मत्तय 6:6 मध्ये आहेच.

तिसरा आक्षेप मान्य. पाळीतल्या माणसासाठी इग्नेशियस यांचीच दुसरी रीत सोयीची: एकच दोष निवडायचा, तो घडला की कागदावर एक ठिपका. दिवसाला दोन ओळी. एक दुपारपर्यंतची, दुसरी रात्रीच्या जेवणापर्यंतची. आजचे ठिपके कालच्यांशी ताडायला अर्धं मिनिट लागतं.