टाइमशीटमध्ये न दिसणारे तास : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऑफिसात हाताला काम नसतं तेव्हा माणसं काय करतात, यावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही आणि का पटला नाही हे तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत. बरं केलंत. नुसतं ‘छान’ म्हणणाऱ्यांना उत्तर तरी काय द्यायचं!

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : आठ तासांचा पगार घेऊन त्यातले दीड-दोन तास मोबाइल चाळण्यात घालवणं म्हणजे हरामाचा पगार, आणि मी कामचुकारांची वकिली करतोय. तुमच्या विभागात दर अर्ध्या तासाची टाइमशीट भरावी लागते आणि तिथे कुणीही कधी रिकामं नसतं. इंटर्नना काम मिळत नाही ही निव्वळ सबब, मागेल त्याला काम मिळतं. आणि वर शेवटी ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’.

कामचुकारांचं आधी उरकून घेतो. काम साचलंय, समोर माणूस ताटकळलाय आणि हा टेबलाखाली रील बघतोय, असा नग प्रत्येक ऑफिसात एखादा असतोच. त्याची बाजू मी लेखात घेतली नव्हती, इथेही घेणार नाही. माझा विषय होता काम नसतानाचा वेळ. फाइल वरिष्ठांच्या सहीसाठी अडकलीय, दुसऱ्या विभागाकडून आकडे यायचेत, सर्व्हर झोपलाय, क्लायंटने तीन मेलना उत्तर दिलेलं नाही. असा वेळ कुणी खिशात घालून पळत नाही, तो गळ्यात येऊन पडतो. अँड्र्यू ब्रॉडस्की आणि टेरेसा अमाबिले यांनी 2018 मध्ये अमेरिकेतल्या नोकरदारांवर केलेलं संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात सुमारे 78 टक्के लोकांनी सांगितलं की, त्यांना कामावर मनाविरुद्ध रिकामं बसावं लागतं, आणि जवळपास 22 टक्क्यांच्या वाट्याला हे रोज येतं. अशा वेळेचा पगार वर्षाला 100 अब्ज डॉलरच्या घरात जातो, असा त्यांचा अंदाज. इतकी माणसं एकजात आळशी निघाली असं म्हणण्यापेक्षा, त्यांच्यापर्यंत काम पोचवण्यात काहीतरी घोळ आहे असं म्हणणं मला जास्त सयुक्तिक वाटतं.

आता तुमच्या म्हणीकडे. न्हावी रिकामा बसलाय, कारण गिऱ्हाईक आलेलं नाही. पण ते आल्या आल्या खुर्चीत बसवता यावं म्हणूनच तर तो तिथे आहे! खुर्ची मिनिटभरही मोकळी राहू द्यायची नाही असं ठरवलंत तर बाहेर रांग लागेल. ती किती लांब, याचं गणित शंभराहून अधिक वर्षं जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांगने 1909 मध्ये फोन कॉल्सच्या येण्याला संभाव्यतेचं गणित लावून दाखवलं आणि त्यातून पुढे रांगांचं अख्खं शास्त्र उभं राहिलं. त्यातला सगळ्यात सोपा नमुना घ्या. एकच माणूस, कामं कधीही टपकणारी, काही चुटकीसरशी होणारी तर काही लांबणारी, सरासरी अर्ध्या तासाची. हा माणूस निम्मा वेळ गुंतलेला असेल तर नव्या कामाला सरासरी अर्धा तास थांबावं लागतं. 80 टक्के वेळ गुंतलेला असेल तर दोन तास. 90 टक्क्यांना साडेचार तास. 95 टक्क्यांना साडेनऊ, म्हणजे आज सकाळी दिलेलं काम उद्यावर गेलं. 90 वरून 95 वर जाताना आठ तासांच्या दिवसात तुम्ही त्याच्याकडून जेमतेम चोवीस मिनिटं जास्तीची काढलीत आणि प्रत्येक कामाला पाच तास जादा रखडवलंत. ‘आमच्याकडे सगळे सतत बिझी’ हे ज्या विभागाबद्दल खरं असतं, तिथली साधी फाइलही हलत नाही. हे आपण सगळ्यांनीच काउंटरच्या बाहेरच्या बाजूने अनुभवलेलं आहे.

पण तुमच्या विभागात कामं वेळेवर होतात असंही तुम्ही लिहिता. कामं वेळेवर होतात, आणि कुणी कधी रिकामं नसतं? मग मला टाइमशीटचीच शंका येते.

महिन्याचा रिपोर्ट आहे असं धरा. दुपारी तीनला तो तयार. आकडे जुळले, बेरीज तपासून झाली. पाठवायचा? छे. आता रकान्यांना रंग दिले जातात. हेडिंग आधी ठळक होतं, मग पुन्हा साधं. फॉन्ट बदलून पाहिला जातो आणि पहिलाच बरा होता असं ठरतं. मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला जातो आणि पावणेसहाला ‘कृपया सोबतचा रिपोर्ट पाहावा’ म्हणत रवाना होतो. टाइमशीटवर नोंद : रिपोर्ट तयार करणे. रकाना भरला, कुणीही रिकामं नव्हतं! यात आळसही नाही, शुद्ध व्यवहार आहे. तीनला पाठवला असता तर एकतर शेजारच्याचं अडलेलं काम गळ्यात आलं असतं, नाहीतर ‘काय, आज आराम वाटतं?’ ऐकावं लागलं असतं. वर सांगितलेल्या संशोधनात नेमकं हेच दिसलं. काम संपल्यावर नुसतं बसून राहावं लागणार हे माहीत असलेले लोक हातातलं काम लांबवतात. आणि काम झाल्यावर खुशाल इंटरनेट बघा असं आधीच सांगितलं, तर हे लांबवणं थांबतं. म्हणजे ज्या टाइमपासवर तुम्ही चिडलाय, त्याला उघड परवानगी दिली की काम लवकर होतं. मला हे वाचून गंमत वाटली होती. तुम्हाला वाटणार नाही कदाचित.

इंटर्नबद्दलचं तुमचं वाक्य मात्र मला खरोखर खटकलं. मागेल त्याला काम मिळतं? एकदा मागणाऱ्याच्या जागी बसून बघा. सुरुवातीला लॉगिनच मिळालेलं नसतं. आयटीकडे विनंती गेलेली आहे, ‘तोवर हे वाचून काढ’ म्हणून हातात एक जाडजूड मॅन्युअल, त्यातले स्क्रीनशॉट जुन्या सॉफ्टवेअरचे. ते चाळून झालं की पोरगा उठतो, सिनिअरच्या टेबलापाशी जाऊन उभा राहतो. तिच्या कानात हेडफोन. तो अर्धा पाऊल पुढे, अर्धा मागे. शेवटी ती एक कान मोकळा करते.

“मॅडम, काही काम आहे का?”

“अं... आत्ता नाही रे. सांगते तुला, हं.”

हा परत जागेवर. पुन्हा कधी जावं याचा हिशोब करण्यात तास जातो. परत गेला की परत तेच. मग तो जायचं सोडतो आणि स्क्रीनवर एक्सेल उघडं ठेवून मांडीवरच्या मोबाइलमध्ये डोकं घालतो. नेमका त्याच वेळी मागून जाणारा साहेब म्हणतो, ‘हल्लीच्या पोरांना कामाची आवडच नाही.’

मॅडमही वाईट नाहीत. वीस मिनिटांचं काम समजावून सांगायला चाळीस मिनिटं लागणार, वर तपासायला वीस. कामाच्या गर्दीत हे कुणाला परवडतं? म्हणून घाई नसलेल्या पण कधीतरी व्हायलाच हव्यात अशा कामांची यादी इंटर्न यायच्या आधी तयार हवी, आणि ती करणं हे विभागप्रमुखाचं, म्हणजे तुमचं काम. पोराच्या हातात काय आहे? ‘काम आहे का’ ऐवजी ‘त्या मॅन्युअलमधल्या जुन्या पायऱ्या दुरुस्त करून ठेवू का?’ असं विचारणं. होकार द्यायला समोरच्याला फार विचार करावा लागत नाही.

आणि मोकळ्या वेळातले इंटर्न अगदीच वाया जात नाहीत. विंडोज 3.0 सोबत 1990 मध्ये घरोघरच्या आणि ऑफिसाऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पोचलेला सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ वेस चेरी नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्या इंटर्ननेच लिहिला होता. पठ्ठ्याने त्यात एक बटण ठेवलं होतं, साहेब आला की दाबायचं आणि पत्त्यांच्या जागी खोटी स्प्रेडशीट हजर. कंपनीने ते काढायला लावलं. (खेळाचे वेगळे पैसेही त्याला मिळाले नाहीत, पण तो वेगळाच विषय.)

ते बटण गेलं, सोंग राहिलं. आता टीम्सवर, म्हणजे ऑफिसातल्या गप्पा-मीटिंगच्या अ‍ॅपवर, पाच मिनिटं हालचाल दिसली नाही की नावापुढचा ‘जागेवर आहे’ सांगणारा हिरवा ठिपका पिवळा होतो, म्हणून माऊस आपोआप हलवत ठेवणारी यंत्रं विकत मिळतात. 2024 मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेने कीबोर्डवर काम चालू असल्याचा आभास केल्याबद्दल डझनभराहून जास्त लोकांना काढलं. त्यांनी फसवलं, नोकरी गेली, मला त्यांचा पुळका नाही. पण ठिपका मोजणाऱ्याला शेवटी ठिपकाच मिळतो, आणि अर्ध्या तासाचे रकाने मोजणाऱ्याला भरलेले रकाने.

तुम्ही विचारलंय, मग करायचं काय? टाइमशीट बंद करा असं मी म्हणत नाही. तिच्यात एक नोंद वाढवा : ‘काम नव्हतं / कशासाठी थांबलो’. ती भरणाऱ्याला कुणी टोमणा मारणार नाही आणि त्याच्या मूल्यमापनात ती धरली जाणार नाही, हे लेखी द्या. पहिले काही आठवडे कुणी हात लावणार नाही, सगळे एकमेकांकडे बघत बसतील, तेव्हा स्वतःची नोंद तुम्ही आधी करा. महिन्याभराने कोण थांबलं हे सोडा, कुणाच्या सहीसाठी आणि कुठल्या विभागासाठी थांबलं तेवढं मोजा. आकडा जो येईल तो इथेच खाली लिहा. शून्य आला तरी लिहा.