‘मुलांना काही दाखवू नका’ हा सल्ला मला का पटत नाही

डिझाइन शिकवणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय: मुलांचं काम अस्सल व्हावं असं वाटत असेल तर त्यांना दुसऱ्यांची कामं दाखवू नका, नक्कल करू देऊ नका, विषयाचं बंधन घालू नका. बेळगावात शिकवताना मला यातलं एकही पटत नाही.

फारसं काही न पाहिलेल्या वर्गाला ‘पर्यावरण’ विषयावर पोस्टर करायला सांगा. तळहातावर पृथ्वी आणि तिच्यातून उगवलेलं रोप! कुणी कुणाच्या वहीत डोकावलेलं नसतं, तरी हेच येतं. पहिली सुचलेली कल्पना बहुतेकांची सारखी असते. ती आधीच होऊन गेली आहे हे कळायला भरपूर बघावं लागतं.

नक्कलेचं म्हणाल तर चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली याच गावात चित्रकार रवी परांजपे घडले. गुरूंची वास्तववादी शिस्त मुरली, पण पुढची अलंकारिक शैली परांजप्यांची स्वतःची. सरावाची नक्कल लपवायची नसते. उगम लपवला की ती चोरी होते. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी घडणीच्या चपला दाखवल्या, उगम सांगितला नाही, ओरड झाल्यावर मान्य केला. 2019 साली या चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात आपला बेळगाव जिल्हाही आहे. या चपला आपल्याकडे अथणीला बनतात, तिकडच्या मुलांना हे वर्गात सांगायलाच हवं.

आणि बंधनं? कसुती या उत्तर कर्नाटकातल्या भरतकामात कापडावर छाप काढत नाहीत, धागे मोजून टाके घालतात, गाठ मारत नाहीत. त्यातला गवंती नावाचा टाका तर दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा लागतो. तरी गोपुरं, मोर, हत्ती, तुळशीवृंदावन सगळं त्यात येतं. म्हणून मी विषय मोकळा सोडत नाही. खानापूरच्या बाजारातल्या एका दुकानाची पाटी करा म्हणतो, मराठी आणि कन्नड, दोन्ही लिपींना सारखा मान. मग मुलं अडतात. देवनागरी शिरोरेषेला लटकते, कन्नड अक्षरं गोल फिरतात. उंची सारखी ठेवली तरी एक ओळ जड दिसते. रेघेची जाडी बदलायची, की मधली जागा? की दोन्हींचा ब्रश एकाच कोनात धरायचा? याचं तयार उत्तर फोनवर सहजी सापडत नाही. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडे जाऊन त्याचा हात बघावा लागतो, दुकानदाराशी बोलावं लागतं.

मार्क देतानाही मी नुसती शेवटची पाटी बघत नाही. टाकून दिलेली स्केचेस सोबत मागतो आणि प्रत्येक का टाकलं ते त्याच्याखाली लिहायला लावतो.