पंधराचे कोडे सॅम लॉइडचे नव्हे

बुद्धिबळाची कोडी रचणारा अमेरिकन सॅम लॉइड (१८४१–१९११) याच्याविषयी एक मजकूर सर्रास फिरताना दिसतो. चौकटीत सरकणाऱ्या १ ते १५ आकड्यांच्या ठोकळ्यांचे कोडे त्यानेच शोधून काढले, कोडे सुटणारेच नसल्यामुळे पेटंट कचेरीने त्याला परत पाठवले आणि त्याने लावलेले हजार डॉलरचे बक्षीस कोणालाच जिंकता आले नाही, असे त्यात म्हटलेले असते.

यातला पहिलाच दावा टिकत नाही. न्यूयॉर्क राज्यातील कॅनास्टोटा गावचा पोस्टमास्तर नॉइस चॅपमन १८७४ च्या सुमारास आपल्या परिचितांना सोळा ठोकळ्यांचे एक कोडे दाखवत असे. प्रत्येक ओळीची बेरीज ३४ यावी, अशी त्याची मांडणी होती. त्यातूनच पुढे एक घर रिकामे ठेवून ठोकळे सरकवण्याचा खेळ निघाला, हार्टफर्डच्या मूकबधिर शाळेतील विद्यार्थी तो बनवू लागले, बॉस्टनमधील मथायस राइस या सुतारकाम व्यावसायिकाने डिसेंबर १८७९ मध्ये तो बाजारात आणला आणि १८८० मध्ये त्याची साथच पसरली. लॉइडने त्यावर हक्क सांगितला तो १८९१ मध्ये, म्हणजे साथ ओसरून दहा वर्षे उलटल्यावर.

पेटंटची गोष्ट ऐकायला झकास आहे, पण पेटंट मागितले होते ते चॅपमनने, फेब्रुवारी १८८० मध्ये. त्याचा अर्ज फेटाळला गेला. त्याचे संभाव्य कारण म्हणजे अर्नेस्ट किन्सीला १८७८ मध्येच तशाच ठोकळ्यांचे पेटंट मिळालेले होते.

बक्षिसाचेही तसेच. १८८० च्या आरंभी रोख बक्षीस जाहीर करून गाजला तो वॉर्सेस्टरचा दंतवैद्य चार्ल्स पेव्ही. लॉइडचे हजार डॉलर नंतरचे. उलट क्रमाने लावलेले १४ आणि १५ सरळ करून दाखवणाऱ्यासाठी ते होते, आणि त्यांत जोखीम शून्य होती, कारण केवळ १४ आणि १५ यांची अदलाबदल करणे अशक्य आहे, हे जॉन्सन आणि स्टोरी या गणितज्ञांनी १८७९ मध्येच सिद्ध केले होते. चौकट बुद्धिबळाच्या पटासारखी काळ्यापांढऱ्या घरांनी रंगवा. दर चालीला रिकामी जागा रंग बदलते, म्हणून ती मूळ कोपऱ्यात परतायची तर चालींची संख्या सम असावी लागते. प्रत्येक चाल ही रिकामी जागा आणि एक ठोकळा यांची अदलाबदल असते आणि सम अदलाबदलींतून फक्त दोन ठोकळे उलटे झाले, असे कधीच घडत नाही. पटावर हयात घालवलेल्या लॉइडला हे ठाऊक नसेल, असे मला तरी वाटत नाही.

पार्चीसी हा पचीसीवरून निघालेला खेळही काही जण त्याच्याच नावावर खपवतात. आपल्याकडे पचीसी शतकानुशतके खेळली जात आली आहे, यापलीकडे त्यावर काही बोलायला नको.

वाईट याचे वाटते की लॉइडला उसन्या श्रेयाची गरजच नव्हती. अंतिम मात कोणती सोंगटी देणार नाही ते सांग, अशी पैज त्याने डेनिस ज्युलियन या मित्राशी लावली, तेव्हा ज्युलियनने सर्वांत निरुपद्रवी दिसणारे, बी २ या घरातले पांढरे प्यादे दाखवले. १८६१ मध्ये लंडनच्या ‘एरा’ या वृत्तपत्रात छापल्या गेलेल्या ‘एक्सेल्सियर’ या कोड्यात तेच प्यादे पहिल्या चालीला दोन घरे पुढे येते, शह देणारा काळा हत्ती मारते, एक घर सरकते, सातव्या पट्टीवरचे प्यादे घेते आणि पाचव्या चालीला कोपऱ्यातला घोडा मारून वजीर होत मात करते.